आईचा डेटा आणि दातांच्या दवाखान्याचं वायफाय

माझी आई आणि माझी मावशी रोज सकाळी चार तास व्हिडिओ कॉल करायच्या आणि त्या चार तासांत एकमेकींशी जेमतेम दहा वाक्यं बोलायच्या.

आई आमच्याकडे मीरा रोडला, सिल्व्हर पार्कात. सुभद्रामावशी परभणीजवळच्या गावात, एकटी. सकाळी मी ऑफिसला निघायच्या वेळी आई ओट्यावरच्या तूरडाळीच्या डब्याला फोन टेकवून उभा करायची. पलीकडे मावशीनेही तिचा फोन कशाला तरी टेकवलेला असायचा (बहुधा पाण्याच्या घागरीला, कारण ती पाणी घ्यायला लागली की आम्हाला नुसते छपराचे पत्रे दिसायचे).

"जय भीम, अक्का."

"जय भीम. च्या झाला का?"

"झाला."

एवढं झालं की दोघी कामाला लागायच्या. इकडे आई मेथी निवडायची, तिकडे मावशी शेंगा फोडायची. तासाभराने कोणीतरी "ऊन लई हाय" म्हणायचं. त्याला उत्तर अर्ध्या तासाने यायचं.

घरात ब्रॉडबँड होतं तोवर माझी याला काही हरकत नव्हती. पण ते बंद करायची कल्पना माझ्या डोक्यात आली, आणि माझ्या डोक्यात फार कल्पना येत नसल्यामुळे आलेली एखादी मी सहसा वाया जाऊ देत नाही. घरात माणसं चार, फोन चार, प्रत्येक फोनमध्ये रोजचा डेटा. वर पुन्हा ब्रॉडबँडचं बिल. एका तहानेला दोन नळ कशाला?

"अहो, असू दे ना ते," माझी बायको वैशाली म्हणाली. "सगळ्यांना सवय आहे."

"सवय आहे, हाच तर रोग आहे," मी म्हणालो. (अशी वाक्यं मला ब्रॉडबँड बंद करतानाच सुचतात. एरवी नाही.)

ब्रॉडबँड गेलं. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की आईच्या फोनचा दिवसाचा डेटा सकाळी साडेदहाला संपतो, आणि मग आमची कॉलेजातली कन्या तन्वी आजीला गुपचूप जादा डेटाचा पॅक मारून देते. एका दिवशी तीन. मी कडक पावलं उचलायचं ठरवलं.

रविवारी सकाळी कणीक मळायची परात टेबलावर ठेवली आणि सगळ्यांना आपापले फोन तिच्यात ठेवायला सांगितलं.

"बाबा, ही धाड आहे का?" तन्वीने विचारलं.

"ही शिस्त आहे."

दोन तास लागले. फोटो आपोआप उतरणं बंद. व्हिडिओ आपोआप सुरू होणं बंद. पाठीमागे गुपचूप डेटा खाणारी ॲपं बंद. अपडेट बंद. डेटा सेव्हर चालू. व्हिडिओ बघायचाच झाला तर सगळ्यात अंधूक दिसेल तोच. वैशाली भाईंदरला जेसल पार्कच्या बाजूला एका शाळेत शिकवते. तिच्या वर्गाच्या ग्रुपवर रोज चाळीस मुलांच्या वह्यांचे फोटो येतात. ते सगळे धूसर झाले.

"मी गृहपाठ तपासू कसा?"

"आधी धूसर बघायचा. महत्त्वाचा वाटला तरच उतरवायचा."

"धूसर गृहपाठ महत्त्वाचा आहे की नाही, हे कसं कळणार?"

"अनुभवाने," मी म्हणालो.

आईच्या फोनला मी दिवसाला चारशे एमबीचं कुंपण घातलं. तेवढे संपले की डेटा आपोआप बंद.

"चारशे कशाचे?" आईने विचारलं.

"एमबी."

"पुरतील का?"

"पुरवायचे."

आईने परातीतून फोन उचलला, पदराने पुसला आणि आत गेली.

सोमवारी साडेनऊच्या सुमारास मला ऑफिसात तिचा फोन आला. आवाज चिरका.

"मिलिंदा, सुभी गेली रे."

मी खुर्चीवरून उठलोच. "कशी? कधी?"

"आत्ताच. शेंग तोंडात टाकायली होती. हात वर केला तशी थांबली, अन् मग सगळं काळंच झालं."

माझ्या शेजारचे शेट्टी पाण्याचा ग्लास घेऊन आले. मला उलगडायला मिनिटभर लागलं.

"आई, मावशी गेली नाही. चारशे एमबी गेले."

शेट्टींनी ग्लास परत नेला.

रात्री जेवताना मी आईला समजावलं की साध्या फोनला डेटा लागत नाही. कितीही बोला, वेगळे पैसे नाहीत. दिवसभर बोला.

"बोलायचं काय पण?"

"काहीही."

"सांगण्यासारखं काही घडतंय का आमचं? तिनं शेंगा फोडल्या, मी भाजी निवडली. ते काय सांगायचं?"

"मग एवढा वेळ फोन कशाला लावता?"

"ती दिसती की."

यावर शहाण्या माणसाने गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, "आई, मावशी दिसायला रोज दीड जीबी लागतो."

मंगळवारी मी उशिरा निघालो, म्हणून तो साधा फोन मला ऐकायला मिळाला. आई मेथी निवडतेय, फोन स्पीकरवर. दहा मिनिटं शांतता.

"हॅलो? सुभे, हायेस का?"

"हाय की. तू?"

"मी बी हाय."

पुन्हा पाच मिनिटं शांतता.

"हॅलो अक्का, कट झालं का?"

"न्हाई झालं. काय म्हणायलीस?"

"मी काही न्हाई म्हणायले. तू म्हणायलीस का?"

पाऊण तास हे चाललं आणि मग दोघींनी कंटाळून फोन ठेवला. मला उगाच चोरट्यासारखं वाटलं, पण ऑफिसला जायचं होतं, त्यामुळे ते फार वेळ वाटलं नाही.

बुधवारी काय झालं ते मला तेव्हा कळलं नाही. गुरुवारपासून मात्र आईची तक्रार बंद. रात्री तिच्या फोनचा आकडा बघितला तर दिवसाला तीस एमबी. मग वीस. एका दिवशी तर नऊ. नऊ एमबीत माणूस जगू शकतो, याचा पुरावा माझ्याच घरात, माझ्याच आईच्या रूपाने उभा होता. तन्वीकडून कळलं की आजी हल्ली दहा वाजता कापडी पिशवी घेऊन फिरायला जाते आणि जेवायच्या वेळेला परत येते. पैसे वाचतायत ते वेगळेच, वर आईची तब्येतही सुधारतेय.

मी ऑफिसात डब्याच्या वेळी याच्यावर भाषणं सुरू केली. आमचं औषधांच्या गोदामाचं ऑफिस आहे. खोके मोजून मोजून कंटाळलेली माणसं काहीही ऐकतात. शेट्टींनी माझ्याकडून त्यांच्या फोनची सगळी सेटिंगं करून घेतली. त्यांच्या मुलीने बंगलोरहून पाठवलेला नातवाचा पहिला फोटो त्यांनी चार दिवस धूसर ठेवला होता. मी त्यांची पाठ थोपटली.

घरात मात्र काही गोष्टी बारीक बारीक बदलत होत्या. फ्रिजमध्ये सोललेल्या लसणाच्या तीन बरण्या जमल्या. मेथी इतकी स्वच्छ निवडलेली असायची की तिच्यात एक काडी सापडत नव्हती. वाटाणे सोललेले, गवार मोडलेली, आणि हे सगळं घरात एक टरफल न पडता. वैशाली म्हणाली, "आई भाजी निवडतात कुठे?" मी म्हणालो, "बागेत बसत असतील." मग आई भाकरीऐवजी मऊ खिचडी मागायला लागली आणि तीही एकाच बाजूने चावायला लागली.

"दात दुखतोय का?" मी विचारलं.

"आता न्हाई दुखत."

"आता म्हणजे? आधी दुखत होता?"

"आधी बी न्हाई. मधी दुखला. जेव तू."

याच काळात माझ्या फोनवर कुठल्याशा दातांच्या दवाखान्यातून मेसेज येत होते. 'डियर गयाबाई' अशी सुरुवात आणि खाली न उतरवलेली पीडीएफ. गयाबाई हे माझ्या आईचं नाव आहे. पण हल्ली या लोकांकडे कुणाचंही नाव असतं. पीडीएफ सव्वादोन एमबीची होती. मी उतरवली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी गेटवर आमचे वॉचमन तिवारी स्टुलावरून उठले. एरवी ते फक्त सेक्रेटरीसाठी उठतात.

"साहब, माताजी के दाँत का क्या हुआ?"

"क्यों? क्या हुआ?"

"रोज जाती हैं बेचारी. तीन हफ्ते से देख रहा हूँ. दो-दो, तीन-तीन घंटे बैठती हैं अंदर." मग आवाज खाली आणून, "सब ठीक है ना?"

त्या संध्याकाळी मी लिफ्ट सोडून जिन्याने गेलो. चौथ्या मजल्यापर्यंत पोचेतो मला सगळं दिसलं. माझ्या आईला तोंडाचं काहीतरी मोठं दुखणं झालंय. ती तीन आठवडे एकटी दवाखान्यात जातेय. मला सांगत नाही, कारण मी तिला मावशीच्या चेहऱ्याचे जीबी मोजून दाखवले. बिड्या वळून जिने मला शिकवलं, तिने स्वतःच्या दुखण्यात काटकसर चालवलीय. मी दाराशी दोन मिनिटं उभा राहिलो. आत आई तन्वीला सांगत होती की परातीत बोट घालू नको, पीठ अजून मळायचंय. आवाज नेहमीसारखाच होता. त्यामुळे तर मला जास्तच भरून आलं.

रात्री वैशालीला सांगितलं. ती म्हणाली, "उद्या तुम्हाला सुट्टी आहे. मागोमाग जा. आणि अहो, तिथे खर्चाचं तोंडातून काढू नका."

शनिवारी दहा वाजता आई पिशवी घेऊन निघाली. मी पाच मिनिटांनी उतरलो. फार लांब जावं लागलं नाही. आमच्याच बिल्डिंगच्या खालच्या गाळ्यांत, मेडिकल आणि झेरॉक्सच्या मधे, नवा दाताचा दवाखाना झालाय. पुढे सगळी काच. मी बाहेर उभा राहून आत बघितलं.

एसी. निळा सोफा. सोफ्याच्या मधोमध आई, मांडीवर वर्तमानपत्र, त्याच्यावर मेथी. समोरच्या टेबलावर तो प्लॅस्टिकचा मोठा जबडा असतो ना, ब्रश कसा करायचा ते दाखवायचा, तो उघडा ठेवलेला, आणि त्याच्या वरच्या आणि खालच्या दातांच्या मधे उभा केलेला आईचा फोन. फोनमध्ये मावशी. ती शेंगा फोडत होती. आईच्या दोन्ही बाजूंना मिळून चार पेशंट होते. त्यातला एक गालाला हात लावून बसला होता आणि दुसरी एक बाई, जिची माझी ओळखदेख नाही, आमची मेथी निवडत होती.

मी दार ढकलून आत गेलो. कोणी वर बघितलं नाही.

"अक्का, त्या लाल शर्टवाल्याचं कमी आलं का?" जबड्यातून मावशीने विचारलं.

"थोड़ा कम है, मौसी," गाल धरलेला माणूस म्हणाला. "लौंग रखा था रात को."

"लवंग दाबून धरायची. चावायची न्हाई, सांग त्याला."

"आई," मी म्हणालो.

आईने मान वर केली. दचकली वगैरे काही नाही. "आलास? बस. तुझा साडेअकराचा हाय."

"माझा काय साडेअकराचा?"

काउंटरवरची मुलगी, रुबीना, उत्साहाने उभी राहिली. "आप मिलिंदभाई? आ गए! माताजी रोज बोलती थीं, बेटे को टाइम नहीं मिलता." तिने एक कार्ड माझ्यासमोर ठेवलं. वर माझं नाव, वय, आणि 'तक्रार' या रकान्यात आईच्या सांगण्यावरून लिहिलेलं एकच वाक्य : बादाम उजवीकडून खात नाही.

मी आईच्या शेजारी बसलो. मेथीवाल्या बाईंनी थोडं सरकून जागा दिली.

"आई, खरं सांग. तुला काय झालंय?"

"काय व्हायचंय?"

"तीन आठवडे तू इथे येतेस. काय म्हणाले डॉक्टर?"

मग आईने सांगितलं. त्या बुधवारी ती शेजारच्या हंसाबेनच्या सोबतीला इथे आली होती. हंसाबेनची कवळी बसवायची होती. वाट बघत बसलेल्या म्हातारीला रुबीनाने विचारलं, माताजी, वायफाय चाहिए? आणि फोन मागून घेऊन पासवर्ड टाकून दिला. मावशी लागली. स्वच्छ, अजिबात न थांबता. तूरडाळीच्या डब्यावर दिसायची त्याच्यापेक्षा चांगली. दुसऱ्या दिवशी आई एकटीच आली.

"अशीच? फुकट?"

"तीन दिवस आले तशीच. मग डॉक्टरचे वडील आले काशीगावहून. ते म्हणाले, वायफाय पेशंटला हाय, बाकी कोनाला न्हाय. पाटीच लावली." काउंटरमागे ती पाटी खरोखरच होती. "आता फुकट कुणाचं काही घ्यायचं न्हाई, असं तुझे वडील सांगून गेलेत. मी रुबीनाला म्हणलं, बेटा, अपने को फुकट का नको. केसपेपर काढ."

"पण तुझे दात दुखत नव्हते ना?"

"दुखत नव्हते. पण बघितलं तर दोन किडलेले निघाले. डॉक्टर म्हणाली, रूट कॅनल, पाच वेळा यावं लागेल. पाच वेळा म्हणल्यावर मी लगेच हो म्हणले."

"आणि ते झाल्यावर?"

"दातांवर टोप्या बसवल्या. मग दात साफ केले. मग माझे दात संपले."

"मग?"

"मग तुझं नाव लिहिलं."

लाल शर्टवाल्याने माझ्याकडे सहानुभूतीने बघितलं. आईला काही मोठं दुखणं नाही, हे कळल्यावर माझ्या छातीवरचा दगड उतरला होता, आणि त्याच्या जागी दुसरा चढत होता. मी काउंटरकडे वळलो.

"और इसका पैसा? किसने दिया?"

"अभी बाकी है ना भैया," रुबीना गोड हसली. "आपको पीडीएफ भेजा है, दो बार. माताजी बोलीं, बेटा देगा. बोलीं, उसका आजकल बहुत पैसा बचता है."

मी तोंड उघडलं. नेमक्या त्याच क्षणी आतून डॉक्टर बाहेर आल्या. डॉक्टर स्नेहल पाटील, फार तर अठ्ठावीसची मुलगी, चेहऱ्यावर मास्क आणि आवाजात भयंकर आपुलकी. "मिलिंद सर ना? या, नुसतं बघते."

'नुसतं बघते' या शब्दांवर जगात आजवर किती माणसं त्या खुर्चीत जाऊन आडवी झाली असतील, कोण जाणे. मी झालो. आई जबड्यातून फोन काढून घेऊन मागोमाग आली, मावशीलाही नीट दिसावं म्हणून. माझ्या तोंडावर दिवा, तोंडात आरसा, आणि दिव्याच्या शेजारी मावशीचा चेहरा.

"बापरे," मावशी परभणीहून म्हणाली.

"बघितलंत ना?" डॉक्टर तिला म्हणाल्या. "उजवीकडची शेवटची. दोन वर्षं तरी सांभाळली असेल यांनी अशी."

एक्स-रे झाला. डॉक्टरांनी तो उजेडात धरला आणि सांगितलं की दाढ वाचवण्यासारखी नाही, सूज नाही तोवर आजच काढलेली बरी. माझ्या तोंडात त्या वेळी आरसा, कापूस आणि थुंकी ओढणारी नळी अशी तीन हत्यारं होती. मला म्हणायचं होतं, घाई नको, मी विचार करून सांगतो. बाहेर पडलं ते असं : "आआ, आआआ."

"हो म्हणतायत ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो म्हणतोय," आईने सांगितलं.

सुई टोचली. भूल चढायला दहा मिनिटं लागतील म्हणाल्या आणि डॉक्टर लाल शर्टवाल्याला तपासायला बाहेर गेल्या. खोलीत मी, आई आणि मावशी. माझा गाल हळूहळू दुसऱ्या कोणाचा तरी झाला.

"लेकरा, भिऊ नको," मावशी म्हणाली. मग जरा थांबून, शेंगा फोडता फोडता, "मी भ्याले होते बघ, त्या दोन दिवसांत. अक्का एकदम बंदच झाली. साध्या फोनवर आवाज यायचा, पण आवाजाचं काय, आवाज तर रेडिओचा बी येतो. दोन दिवस चूलच पेटवली न्हाई मी. एकटीसाठी कुठं भाकरी थापायची. ही समोर असली की हिच्यासंगं होऊन जातंय सगळं."

आईने फोन माझ्या खुर्चीच्या कडेला टेकवून ठेवला आणि पिशवीतून उरलेली मेथी काढली. मग दोघी काहीच बोलल्या नाहीत. मी दिव्याखाली पडून ऐकत होतो. इकडे काडी मोडल्याचा आवाज, तिकडे शेंग फुटल्याचा. मध्येच मावशीचं मांजर ओरडलं. आईने मान न वळवता म्हटलं, "दूध घाल तिला." मावशी उठली. आम्हाला पत्रे दिसले. बाकी काही झालं नाही, पण चारशे एमबीचं कुंपण घालणारा माणूस त्या दहा मिनिटांत बराच लहान झाला. मला त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण ओठ हलत नव्हते. मी मावशीकडे बघून हात वर केला. तिला वाटलं पाणी हवंय.

दाढ निघाली. ती कशी निघाली ते मी सांगत नाही. मावशीने शेवटपर्यंत पाहिलं, तिला विचारा.

डॉक्टरांनी खड्ड्यात कापसाचा बोळा दाबला, दात मिटून धरायला सांगितलं आणि बजावलं, "तासभर बोलायचं नाही. अजिबात." मग हात धुता धुता म्हणाल्या, "आजींना मी पहिल्यापासून सांगतेय, केसपेपरची गरज नाही, तुम्ही नुसत्या बसा. माझा दवाखाना नवीन. काचेतून रिकामा सोफा दिसायचा, लोक आत यायला घाबरायचे. आजी बसायला लागल्या तशी लोकं यायला लागली. ती पाटी पप्पांची आहे, आजींसाठी नव्हती. पण त्या ऐकतच नाहीत. रूट कॅनल कधी सुरू करतेस, म्हणून रोज माझ्या मागे."

मी आईकडे बघितलं. आई पिशवीची गाठ मारत होती.

बाहेर रुबीनाने दोघांचं मिळून बिल छापून दिलं. तो आकडा मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो की तो बघून भूल दिलेल्या गालालाही काहीतरी जाणवलं. खाली तिने पेनाने थोडी सूटही लिहिली होती, 'माताजी के लिए'. मी फोन काढला, पैसे भरायला डेटा चालू केला, तर माझाच डेटा सेव्हर मधे आला आणि पेमेंट तीन वेळा अडकलं.

"वायफाय ले लो भैया," रुबीना म्हणाली. "आप भी पेशंट हो अब."

पैसे झटक्यात गेले.

एवढ्यात शाळा सुटून घरी निघालेली वैशाली काचेतून आम्हाला बघून आत आली. रात्रभर तिचा जीव टांगणीला लागलेला. तिने आईला बघितलं, मला बघितलं, सुजायला लागलेला गाल बघितला. आईने तिला उभ्या उभ्या पाच वाक्यांत सगळं सांगितलं. वैशाली सोफ्यावर बसली आणि ओढणी तोंडाला लावून इतकी हसली की रुबीनाने तिला पाणी आणून दिलं. हसून झाल्यावर तिने डोळे पुसले. फोन काढला आणि ब्रॉडबँडवाल्याला लावला.

तो माणूस दुपारी चारलाच आला, कारण केबल होती तशीच होती, नुसतं यंत्र जोडायचं होतं. मी गालावर बर्फ धरून खुर्चीत बसलो होतो. तन्वीने चारही फोन आणले आणि माझ्यासमोर एकेक सेटिंग उलटं केलं. आईच्या फोनवरचं कुंपण तिने सगळ्यात आधी काढलं. वैशालीच्या फोनवर चाळीस वह्या एकदम स्वच्छ झाल्या आणि तिचं तोंड उतरलं, कारण आता त्या तपासाव्या लागणार होत्या. आई मात्र सोमवारपासूनही दहाला खाली जाणारच होती. तिने डॉक्टरांना शब्द दिला होता. घरचं वायफाय फक्त सुट्टीच्या दिवशी, असं तिने मला ऐकू जाईल अशा आवाजात मावशीला सांगितलं.

यंत्रावरचा हिरवा दिवा लागला. तो माणूस स्टुलावरून उतरला, हात झटकले आणि माझ्याकडे वळला.

"सर, आपका कनेक्शन तो एकदम बढ़िया चल रहा था. बंद क्यों करवाया था?"

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. वैशालीने फोनमधली वही मिटली. तन्वीने फोन खाली ठेवला. तिघी माझ्याकडे बघायला लागल्या.

मी गालाकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी तासभर न बोलण्याचं पथ्य सांगितलं होतं. मी ते सोमवारपर्यंत पाळलं.